धरायचं, ढकलायचं नाही

ज्या बाईंना घरी जायचं होतं, त्यांना मी मोठ्या आदराने पुन्हा इमारतीच्या आत नेऊन सोडलं.

दोन हजार तीन सालचा नोव्हेंबर. अमेरिकेत, आमच्या ट्रॉयमध्ये त्या वर्षीचा पहिला बर्फ पडलेला. तिथल्या एका खेळाच्या क्लबच्या दारापासून पार्किंगपर्यंत एक उतार आहे, त्याच्या मध्यावर व्हीलचेअरमध्ये बसलेल्या एक बाई थांबल्या होत्या. डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर एक लांबलचक काठी. थांबल्या होत्या त्या हातमोजे चढवायला. मला वाटलं, अडकल्या. अशा वेळी आमच्यातला सुसंस्कृत माणूस उसळी मारून वर येतो. मी मागून गेलो, खुर्चीच्या दोन्ही मुठी पकडल्या, दोनदा "नो प्रॉब्लेम, मॅम!" म्हटलं आणि वीसेक पावलं चढ चढून त्यांना दारातून आत नेलं. एवढ्यावर थांबलो नाही, पायपुसण्यावर त्यांची चाकंही पुसून घेतली.

मी धापा टाकत आभारांची वाट बघत उभा. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"झालं तुझं?" त्यांनी विचारलं. "आता मी घरी जाऊ?"

ही हकीकत मी रात्री जेवताना सांगितली. मुलगी ईशा तेव्हा बारा वर्षांची. तिने काटाच खाली ठेवला. "यू पुश्ड हर? विदाउट आस्किंग? बाबा! दॅट्स लाइक, तिला उचलून नेल्यासारखं आहे!" अनघा, माझी बायको, हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "तुला बोलावलं होतं का कुणी? माणूस थांबलेला दिसला की ढकलायचाच?"

आज पुन्हा पहिला बर्फ आलाय. दोन हजार आठचा. यंदा आमच्या रस्त्यावर बर्फापेक्षा 'फॉर सेल'च्या पाट्या जास्त आहेत. दोन घरं रिकामी, त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ कुणी काढत नाही, त्यावर फक्त खारींची पावलं. सकाळी मी फावडं काढायला गराजमध्ये गेलो. फावड्याच्या शेजारच्या खिळ्याला एक ब्रश टांगलेला आहे. निळा दांडा, घासायचं तोंड वीतभर रुंद. चार हिवाळे तो तिथे आहे आणि चार हिवाळे मी फावडं काढताना त्याच्याकडे न बघण्याची कसरत करतोय. आज बघितलं.

ब्रश मोरॅगबाईंनी दिलेला. मोरॅगबाई म्हणजे त्याच, चढावरच्या. नुसतं मोरॅग म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही, आणि मॅम म्हटलेलं त्यांना चालत नसे.

त्या क्लबात मी गेलो तो काही खेळाच्या ओढीने नव्हे. आमच्या ऑफिसात त्या वर्षी टीम बिल्डिंगचं वारं शिरलं होतं. कर्लिंग नावाच्या खेळाच्या हिवाळी सामन्यांसाठी चौघांचा एक संघ करायचा होता. सहकारी जेरी आणि त्याची बायको पॅम जुने खेळाडू, मी नागपूरचा, आणि चौथ्या जागेवर क्लबने दिलेल्या कॅप्टन, मोरॅगबाई. नोव्हेंबरमधल्या त्या प्रसंगानंतर चारच दिवसांनी ओळख करून देण्यात आली. त्यांनी हात पुढे केला आणि जेरीला म्हणाल्या, "आम्ही भेटलोय. फार कष्टाळू माणूस आहे."

खेळ अनघाला समजावून सांगायला मला एक महिना लागला, पण खरं तर तो दोन ओळींत मावतो. दीडशे फूट लांब बर्फाची पट्टी. एका टोकाकडून वीस किलोचा ग्रॅनाइटचा, वर मूठ असलेला दगड सरकवायचा. तो दुसऱ्या टोकाच्या गोलात जाऊन थांबला पाहिजे. त्या गोलाला घर म्हणतात. ज्याचा दगड घराच्या मध्याशी सर्वांत जवळ, त्याचा गुण. दगड कमी पडतोय असं वाटलं तर त्याच्या पुढ्यातला बर्फ ब्रशने जोरजोरात घासतात, म्हणजे तो थोडा पुढे जातो. बस्स. मी पोटासाठी मोटारींच्या ब्रेकचं काम करतो. कुठली वस्तू किती फुटांवर थांबेल हे सांगण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे पहिल्या दिवशी मी जेरीला घर्षणावर छोटंसं व्याख्यान दिलं आणि मग बर्फावर पाऊल ठेवून पाठीवर पडलो.

मोरॅगबाई दगड हाताने नव्हे, काठीने सरकवत. काठीचं टोक दगडाच्या मुठीत अडकवायचं आणि खुर्चीतूनच पुढे लोटायचं. लोटताना खुर्ची मागे सरकू नये म्हणून कुणीतरी ती मागून घट्ट धरावी लागते. हे काम त्यांनी मला दिलं. जेरी म्हणाला, "याला? ज्याने तुला..." "त्यालाच," त्या म्हणाल्या. "शिकू दे." मग माझ्याकडे वळून, "हे बघ. धरायचं. ढकलायचं नाही."

तो सगळा हिवाळा मी धरून होतो. त्यांच्या टोपीचा ओल्या लोकरीचा वास, खुर्चीच्या रबराचा वास, आणि दगड निघाल्यावर होणारा तो आवाज. तो मला आजही नीट सांगता येत नाही. दूरच्या खोलीत कुणी जात्यावर दळतंय, असा काहीसा. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खडबड केलेली असते, तिच्यावरून दगड गुरगुरत जातो. बाईंची पाठ माझ्या समोर असे. दगड सुटण्याआधी त्या एक श्वास घेत, तो अर्धा सोडत आणि थांबत. मीही थांबे. माझ्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्या मामांनी जितकं मन लावून काम केलं नसेल, तितकं मन लावून मी ती खुर्ची धरे.

आणि त्यांची एक अट होती. आमचे दगड आम्ही खुशाल घासावेत. त्यांच्या दगडापुढे कुणी ब्रश चालवायचा नाही. "माझ्या खेळात झाडू नसतो," त्या म्हणत. व्हीलचेअरवाल्यांच्या कर्लिंगमध्ये घासायची पद्धतच नाही, दगड सुटला की सुटला. "हातातून जो गेला तो माझा. लांब गेला तरी माझा, कमी पडला तरी माझा." क्लबच्या सामन्यात घासलं तर चाललं असतं. त्यांना चालत नसे.

शनिवारी त्यांना घरी सोडायचं काम मी आपणहून घेतलं होतं, अर्थात या वेळी विचारून. गाडीत त्या बोलत. थोडं थोडं, वाइपरच्या फेऱ्यांसारखं. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात त्या नर्स होत्या, मोटारसायकलवर फिरून बाळंतपणं करणाऱ्या. लहानपणी गावचं तळं गोठलं की शाळा आपोआप बंद, आणि वडील दगड घेऊन तळ्यावर. अठ्ठाविसाव्या वर्षी एका वळणावर रस्त्यात मेंढ्या आल्या. "मेंढ्या सगळ्या वाचल्या," एवढंच त्या सांगत. त्यानंतर वीस वर्षं त्या बर्फाच्या मैदानाकडे फिरकल्या नाहीत. रेडिओवर सामना लागला तर बंद करत. मग केव्हातरी कुणीतरी फोन करून सांगितलं, आता खुर्चीतून खेळतात म्हणे, येऊन बघ. पहिल्या दिवशी त्यांचा दगड निम्म्यातच बसला. दोन वर्षांत त्या देशाच्या संघात होत्या. पन्नाशीला आमच्याकडे माणसं गुडघे दाखवायला जातात, या बाई देशाची जर्सी घालून परदेशी गेल्या. एकच मोसम. दुसऱ्या वर्षी त्यांना वगळलं. का, ते त्यांनी गाडीत कधी सांगितलं नाही. मग थोरला भाऊ रॉरी इथे ट्रॉयला एकटा होता, मोटार कंपनीतून निवृत्त, बायको गेलेली, त्याच्याकडे त्या राहायला आल्या. दोघांनी म्हातारपण एकत्र काढायचं असं ठरलेलं.

संक्रांतीला मी क्लबात तिळाच्या वड्या नेल्या होत्या. त्या वर्षी अनघाचा पाक जरा पुढे गेला होता. मोरॅगबाईंनी एक वडी तोंडात घातली, बराच वेळ तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "सुधीर, तुमच्याकडे पण ग्रॅनाइट आहे, बोलला नाहीस."

मार्चमध्ये, शेवटच्या सामन्याच्या आदल्या शनिवारी, त्यांनी गाडीत खिशातून एक पत्र काढलं. स्कॉटलंडहून आलेलं. पुढच्या मोसमाच्या संघासाठी शरद ऋतूत निवड चाचणी होती आणि त्यांना बोलावलं होतं.

"जाणार?"

"चोपन्न वर्षांची आहे मी. रॉरीने परसात टोमॅटोसाठी वाफे केलेत, माझ्या हाताला येतील असे उंच." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पुढच्या शनिवारी बर्फालाच विचारते. तो लांबचा, हळू दगड असतो ना, पार घराच्या मध्यात जाऊन निजणारा, तो माझ्या हातून अजून जातो का, बघायचं. गेला तर जाईन. नाही गेला, तर टोमॅटो."

मी नुसतं "हो" म्हटलं. पण मनातल्या मनात त्यांना मी त्याच क्षणी विमानात बसवलं होतं.

शेवटच्या सामन्यात जेरीचा गुडघा मुरगळला, त्यामुळे शेवटच्या डावात खुर्ची धरायला जेरी आणि ब्रश घेऊन दगडाबरोबर जायला मी. पॅम पलीकडे, घराशी. गुण बरोबरीत होते, घराच्या मध्याजवळ समोरच्यांचा दगड बसलेला. शेवटचा दगड मोरॅगबाईंचा. त्या मला म्हणाल्या, "ब्रश उचलून धर. वरच ठेव." एक श्वास, अर्धा सोडला, आणि दगड निघाला.

मी त्याच्या मागोमाग. सुरुवातीला तो गुरगुरत चालला, मग आवाज बारीक झाला. घराची बाहेरची कड ओलांडली आणि दगड मरायला लागला. सांगितलं ना, मला याचाच पगार मिळतो. मला दिसत होतं की हा मध्यापर्यंत जात नाही. हातभर कमी. कदाचित दीड हात. दगड आता इतका हळू की शेजारून गोगलगाय गेली असती. मी अगदी त्याच्या पाठीशी. आणि माझा पाय घसरला. उजव्या बुटाचं टोक दगडाला मागून लागलं. आवाज नाही, काही नाही. फक्त अंगठ्याला थंड, जड असं काहीतरी टेकलं आणि पुढे गेलं. दगड तसाच सरकत राहिला आणि घराच्या बरोबर मध्यात जाऊन थांबला.

मागून मोरॅगबाईंना माझी पाठ दिसत होती. पुढून पॅमला दगड दिसत होता. माझा बूट दिसला असेल तर फक्त मला.

त्या खेळात पंच नसतो. दगडाला कुणाचा पाय किंवा ब्रश लागला, तर ज्याचा लागला त्याने लगेच हात वर करून सांगायचं, आणि मग दगड कुठे थांबला असता ते समोरच्या कॅप्टनने ठरवायचं. हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण मी वाढलो नागपुरात, धंतोलीच्या गल्लीत. तिथे चेंडू बॅटला लागून विकेटकीपरकडे गेला, तर आपण आभाळाकडे बघायचं, बॅटने खेळपट्टी ठोकायची. अंपायरने बोट वर केलं तरच आउट, आणि अंपायर सहसा आपला भाऊच. लागल्याचं ज्याने स्वतःहून कबूल केलं, अशा एका मुलाला आम्ही पुढच्या सामन्याला घेतलं नव्हतं. त्या शिक्षणाचा माझ्यावर एवढा अंमल होता, की दगड थांबला तेव्हा मी आभाळाकडे पाहिलं. आभाळ कसलं, क्लबचं पत्र्याचं छप्पर. पॅम ओरडली, जेरी एका पायावर नाचला. मी वळून बघितलं. पट्टीच्या त्या टोकाला मोरॅगबाईंनी टोपी काढली होती आणि ती मांडीवर धरून नुसत्या बसल्या होत्या.

सांगायला तेव्हा दोन सेकंद होते. ते गेले.

सामना झाला की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिलं पेय द्यायचं आणि आठ जणांनी एका टेबलावर बसायचं, अशी तिथली रीत. मी आल्याच्या सोड्याचा ग्लास घेऊन बसलो. समोरच्या संघाचा कॅप्टन, एक म्हातारा सुतार, मोरॅगबाईंना म्हणाला, "असा दगड टाकणाऱ्या बाईला तुझ्या देशाने घरी बसवलं? का?"

आणि त्या दिवशी, खुशीत, त्यांनी सांगितलं. बाद फेरीचा सामना, शेवटचा डाव. त्यांनी दगड सोडला, उत्तम सोडला, आणि खाली पाहिलं तर त्यांचा पाय खुर्चीच्या पायठेवणीवरून घसरून बर्फावर टेकलेला. दगड सोडताना पाय बर्फाला लागलेला चालत नाही, तो दगड बाद. कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात वर केला. संघ हरला. पुढच्या वर्षी यादीत नाव नव्हतं.

"त्याच्यामुळेच, असं कुणी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "कुणी काहीच म्हटलं नाही."

"पण पाय केव्हा टेकला ते तुला तरी कसं कळलं?" पॅमने विचारलं. "आधी की नंतर?"

"पायाला कुठलं कळतंय. पायाला पंचवीस वर्षं काही कळलेलं नाही." त्या हसल्या. "पण मला दिसला ना."

टेबलाखाली माझ्या उजव्या बुटातला अंगठा मी मुडपून घेतला. त्याला सगळं कळलेलं होतं. अजून गार होता तो. तेव्हा बोलायला हवं होतं. आठ माणसं होती, सुतार हसला असता, दगड कागदावर हातभर मागे घेतला असता, बक्षिसाची पत्र्याची किटली समोरच्या संघाकडे गेली असती. मी विचारलं, "अजून कुणाला शेंगदाणे?"

गाडीत पुन्हा संधी होती. मी जेरीच्या गुडघ्याबद्दल बोललो. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोललो. घराशी उतरल्यावर मोरॅगबाईंनी मांडीवरचा निळ्या दांड्याचा ब्रश, शेवटच्या डावात मी धरलेला तोच, माझ्या हातात दिला.

"हा तुला. न वापरल्याबद्दल," त्या म्हणाल्या. "दगड मरताना दिसत होता तुला. तुझा जीव किती वर-खाली होत असेल, मला ठाऊक आहे. तरी तू मदत केली नाहीस. कष्टाळू माणसाला ते फार जड जातं."

मी तो घेतला. "थँक यू" सुद्धा म्हणालो.

त्या चाचणीसाठी स्कॉटलंडला गेल्या. त्या वर्षी निवड झाली नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा बसायला तिथेच राहिल्या. पुढच्या वर्षीही झाली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात रॉरी इथे गेला, झोपेत, एकटा. पत्रं येत मधूनमधून, कार्डावर चार ओळी. एकात लिहिलं होतं, "यादीत नाही. पण तो दगड माझ्या हातून गेला होता, एवढं मला पुरतं." ते कार्ड अनघाने फ्रिजवर लावलं. मी पुढचा महिनाभर दूध काढताना फ्रिज कडेने उघडत होतो. रॉरीच्या परसातले ते उंच वाफे अजून आहेत. नव्या मालकाने त्यांच्यात काही लावलेलं नाही. मी मुद्दाम त्या रस्त्याने जात नाही, पण त्या रस्त्याने गेलो की मान आपोआप वळते.

वाईट वाटणं आणि लाज वाटणं यांत फरक आहे, हे मला या चार वर्षांत समजलं. वाईट वाटलेलं माणूस चारचौघांत सांगतो. माझ्या फजितीच्या गोष्टी मी मंडळाच्या दर गणपतीत सांगतो. बाईंना उलट चढावर नेल्याची तर माझी हातखंडा गोष्ट, तिला हमखास टाळ्या पडतात. त्या गोष्टीचा दुसरा भाग मी कुणालाच सांगितला नव्हता. अनघालाही नाही.

आज फावडं तसंच ठेवून मी ब्रश खाली काढला, आत आलो आणि फोन लावला. तिकडे दुपार असणार. अनघा कणीक मळत होती, तिच्या समोरच उभा राहिलो. मुद्दाम, पळायला जागा नको म्हणून.

मोरॅगबाईंचा आवाज तसाच. बर्फ पडला का, विचारलं त्यांनी. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बूट, अंगठा, छप्पर, शेंगदाणे.

"पाय लागला," त्या म्हणाल्या, "की लावलास?"

"मला नक्की... घसरला. पण मला वाटत होतं की दगड जावा. मला खरंच माहीत नाही."

"बरं. नसता लागला तर कुठे थांबला असता?"

ज्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यावर माझं घर चालतं, तोच प्रश्न. हजारदा मांडून पाहिलेला. "हातभर कमी पडला असता बहुतेक. कदाचित नसता पडला. कदाचित तिथेच गेला असता. आता सांगता येत नाही."

"नाही ना येत." आवाज चढला नाही. रॉरीचं नावही त्यांनी काढलं नाही. "कमी पडला असता तरी तो माझाच होता, सुधीर. आता तो कुणाचाच नाही." मग, "ठेवते मी. चहा टाकायचाय." आणि ठेवला.

मी ब्रश हातात घेऊन उभा. काय वाटत होतं ते कबूल करतो : हलकं. चार वर्षांचं ओझं उतरलं, असं. तेवढ्यासाठी आणखी लाज वाटायला हवी होती, पण ती यायला थोडा वेळ लागला. ती अनघाकडून आली. तिने माझ्या बाजूचं सगळं ऐकलं होतं, उरलेलं माझ्या तोंडावरून ओळखलं होतं. मी म्हटलं, "सांगून टाकलं एकदाचं. बरं केलं ना?"

तिने कणकेचे हात परातीच्या कडेला पुसले.

"सांगायचं होतं ते त्या दिवशी, टेबलावर," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ तो एकच दगड उरला होता रे. आज तुला मोकळं व्हायचं होतं, म्हणून तोही घेतलास. ऐकायचंय का, असं तरी विचारलंस? परत मागून गेलास आणि ढकललीस त्यांची खुर्ची."